मंडपात ऐकलं ते पेपरात का दिसत नाही?

४ सप्टेंबर २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उदगीरला आल्या होत्या. बुद्धविहाराचं उद्घाटन झालं, शिवाय महिलांचा मोठा मेळावा होता. माझी आत्या तिथून जवळच्याच गावात राहते. बचत गटाच्या बायकांसोबत तीही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. ‘आरं, म्या तितंच बसलेले. पेपरात मंडपात कोन कोन व्हतं ते समदं हाय. बाई बोलल्या काय, ते कुटंय?’

मी बारा वर्षं एका दैनिकाच्या लातूर कार्यालयात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. फोनवर तिला सांगितलं ते अर्धवटच होतं, म्हणून इथे जरा ऐसपैस सांगतो.

व्यासपीठावरच्या नावांचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. ‘यावेळी यांची प्रमुख उपस्थिती होती’ या वाक्यात बातमीचा अर्धा कॉलम जातो, कारण नाव गाळलं की सकाळी सात वाजता फोन येतो. भाषणातलं वाक्य गाळलं तर कुणाचा फोन येत नाही. माझ्या बारा वर्षांत तरी आला नाही. आत्याचा पहिला, तोही नोकरी सुटल्यावर.

अवघड भाग पुढे आहे. राष्ट्रपतींचं भाषण आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा ते तीन-चार हातांतून गेलेलं असतं, आणि पहिला हात पत्रकाराचा नसतोच. तो लिहिणाऱ्याचा असतो.

इथे मराठीने एक चांगली सोय करून ठेवली आहे. भारतात राष्ट्रपती आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष असे दोन शब्द आपण वापरतो. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. तो ‘हे करणार’ म्हणाला की ती सरकारचीच घोषणा. आपल्याकडे राष्ट्रपती बोलतात तेव्हा ते शब्द नेमके कुणाचे, हे आधी विचारावं लागतं.

संसदेतलं अभिभाषण घ्या. संविधानाच्या कलम ८७ प्रमाणे सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे बोलतात. मुळात हे प्रत्येक अधिवेशनाला करायचं होतं. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदावर आणलं. हा मजकूर सरकार तयार करतं, मंत्रिमंडळ मंजूर करतं आणि राष्ट्रपती वाचतात. ‘माझं सरकार’ हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात ते त्यामुळे.

आणि तरी दुसऱ्या दिवशी मथळा असतो: ‘राष्ट्रपतींकडून सरकारच्या कामगिरीचं कौतुक’. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, मजकूर मात्र काकाने छापखान्यात उभं राहून लिहिलेला असतो. त्या पत्रिकेवरून ‘आजोबांनी काकाची पाठ थोपटली’ अशी बातमी कुणी करेल का? अभिभाषणाची बातमी मात्र दरवर्षी तशीच होते. मीही केली आहे. खरं तर ती ‘सरकारने आपल्या कामाचा हिशेब मांडला’ अशी बातमी असते, आणि तशी लिहिली की वाचकही लगेच पुढचा प्रश्न विचारतो: हिशेब बरोबर आहे का?

भाषण सरकारचं असतं म्हणूनच त्यावरच्या आभारदर्शक प्रस्तावाला एवढं महत्त्व. ३ मार्च २०१५ला विरोधी बाकावरच्या सीताराम येचुरी यांनी त्या प्रस्तावाला सुचवलेली दुरुस्ती राज्यसभेत मंजूर झाली, तेव्हा बातम्यांत ‘सरकारची नामुष्की’ असे शब्द आले. नुसतं मथळ्यावरून चाळणाऱ्याला वाटलं असेल, राष्ट्रपतींच्या भाषणात दुरुस्ती झाली तर सरकारची कसली नामुष्की? कारण एवढंच की शब्द सरकारचे होते आणि सभागृहाने त्यात उणीव दाखवली. पुढच्याही वर्षी, २०१६ला, गुलाम नबी आझाद यांची दुरुस्ती तशीच मंजूर झाली.

राज्यात हेच काम राज्यपाल करतात, कलम १७६खाली. मजकूर राज्य सरकारचा. ९ जानेवारी २०२३ला तमिळनाडूचे राज्यपाल आर. एन. रवी यांनी छापील अभिभाषणातला काही भाग वाचलाच नाही. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी लगेच ठराव मांडला की छापील मजकूरच कामकाजात नोंदवावा, आणि राज्यपाल सभागृहातून निघून गेले. म्हणजे एकाच सकाळची दोन भाषणं: एक कागदावरचं, एक तोंडातलं. बातमी त्या दोघांमधल्या फटीची झाली.

राष्ट्रपती स्वतःच्या मनातलं बोलतच नाहीत, असंही नाही. २७ जानेवारी २०००, प्रजासत्ताकाची पन्नास वर्षं, संसदेचा सेंट्रल हॉल. वाजपेयी सरकार संविधानाच्या फेरआढाव्यासाठी आयोग नेमायच्या तयारीत होतं. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी तिथे प्रश्न ठेवला की संविधानाने आपल्याला अपयश दिलं, की आपणच संविधानाला अपयशी ठरवलं. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. पण ऐकणाऱ्यांना रोख कळला आणि तो प्रश्न आजही उद्धृत होतो. अशा वेळी ‘राष्ट्रपती म्हणाले’ हे शब्द पुरेपूर खरे असतात.

आता दुसरा हात: वेळ.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रपतींचा देशाला उद्देशून संदेश असतो. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर सात वाजता आधी हिंदीतून, मग इंग्रजीतून. प्रादेशिक भाषांतलं रूपांतर आकाशवाणीवर रात्री साडेनऊपासून. आता आमच्या बाजूने बघा. किनवट-माहूरकडे जाणारा गठ्ठा लवकर निघतो; त्या डाक आवृत्तीचं पान साडेनऊपर्यंत थांबू शकत नाही. मग काय करायचं? उपाय जुना आहे. भाषणाची प्रत आधीच येते, वर सूचना असते की अमुक वाजेपर्यंत प्रसिद्ध करू नये. यालाच आमच्याकडे एम्बार्गो म्हणतात. आम्ही दुपारीच भाषांतर करायचो, पान लावायचो आणि सात वाजायची वाट बघायचो. भाषण सुरू व्हायच्या आधी ‘राष्ट्रपती म्हणाले’ असं लिहून तयार असायचं.

यात फसवणूक नाही. नाहीतर किनवटच्या वाचकाला ती बातमी एक दिवस उशिरा मिळाली असती. त्या प्रतीवर बहुधा आणखी एक ओळ असते: प्रत्यक्ष भाषणाशी ताडून पाहावे. घोळ तिथे होतो, कारण ताडून पाहायला त्या घाईत कुणी बसत नाही.

आणि नेमकं एखाद्या वेळी तेच करायला हवं असतं. २६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन, सर्वोच्च न्यायालयाचा कार्यक्रम. समोर सरन्यायाधीश, कायदामंत्री. राष्ट्रपती मुर्मूंचं लिखित भाषण इंग्रजीत होतं. ते बाजूला ठेवून त्या हिंदीत बोलायला लागल्या. ओडिशात आमदार असताना आणि झारखंडच्या राज्यपाल असताना तुरुंगांत काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं. किरकोळ गुन्ह्यात अडकून वर्षानुवर्षं आत राहिलेली गरीब माणसं, खटल्याच्या खर्चाला घाबरून मागे सरणारे त्यांचे घरचे. आणि प्रश्न केला की आपण विकासाकडे चाललोय म्हणतो, तर आणखी तुरुंग कशाला बांधायचे?

तुरुंगांबद्दलचं हे बोलणं छापील भाषणात नव्हतं. ज्याने प्रतीवरून बातमी केली त्याच्याकडे संविधानाचं महत्त्व सांगणारा गुळगुळीत मजकूर राहिला. जो शेवटपर्यंत बसून ऐकत होता त्याच्याकडे त्या दिवसाची खरी बातमी होती. तिचा परिणामही दिसला. तीनच दिवसांनी न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने राष्ट्रपतींच्या बोलण्याचा उल्लेख करून, जामीन मंजूर होऊनही जे कैदी बाहेर पडू शकलेले नाहीत त्यांची माहिती मागवली. मूळ भाषण छापून आलं असतं तर कुणाला आठवलं असतं?

तिसरा हात उपसंपादकाचा, म्हणजे माझा. इथे मला थोडं जास्त बोलू द्या.

समजा, राष्ट्रपती एवढंच बोलल्या: ‘शेतकऱ्यांच्या उत्पन्नाकडे आणखी लक्ष द्यावं लागेल.’ वाक्य मी इथे उदाहरणासाठी बनवलंय. यावर तीन मथळे सहज होतात. ‘शेतकऱ्यांकडे लक्ष द्या, राष्ट्रपतींनी सरकारला सुनावले’. ‘शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढविणार, राष्ट्रपतींची ग्वाही’. ‘शेतीच्या स्थितीवर राष्ट्रपतींना चिंता’. तिन्हींत एकही शब्द धडधडीत खोटा ठरवता येणार नाही. पण पहिल्यात राष्ट्रपती सरकारच्या विरोधात उभ्या आहेत, दुसऱ्यात सरकारच्या बाजूने, आणि तिसऱ्यात मंडपाच्या कोपऱ्यात हनुवटीला हात लावून बसल्या आहेत.

मराठी पेपरचं मत अग्रलेखात शोधू नका, मथळ्याच्या क्रियापदात शोधा. ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘नमूद केले’ हे साधे. ‘सुनावले’, ‘ठणकावले’, ‘खडसावले’, ‘कानउघाडणी केली’ म्हटलं की बोलणारा मोठा आणि ऐकणारा चुकलेला, हे वाचकाने न विचारता मान्य केलं. ‘टोला लगावला’ म्हटलं की भाषणाचा आखाडा झाला. ‘ग्वाही दिली’ म्हटलं की शब्द पाळला जाणार असं वाटतं. ‘खंत व्यक्त केली’ म्हणजे कुणी काही करायला नको, वाईट वाटून घेतलं की झालं.

हे नेहमी राजकारणापोटी होतं असंही समजू नका. एकदा मी एका साध्या सल्ल्याला ‘ठणकावले’ लावलं, कारण दोन ओळींच्या हेडिंगमध्ये दुसरी ओळ अर्धीच भरत होती. ‘सांगितले’ बसतही होतं, पण फिकं दिसत होतं. पान रात्री साडेदहाला सुटलं आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी चौकात त्यावरून वाद घातला. मी तेव्हा झोपलो होतो.

भाषेचीही एक गडबड असते. भाषण हिंदीत, वृत्तसंस्थेची कॉपी इंग्रजीत, आमचं भाषांतर मराठीत. हिंदीतलं ‘हमें सोचना होगा’ इंग्रजीतून फिरून मराठीत ‘गांभीर्याने विचार करण्याची आवश्यकता प्रतिपादित केली’ होऊन उतरतं. असं मराठी लातुरात कुणाच्या तोंडून ऐकलंय?

नंतर येतो तुकडा. मोठ्या भाषणातलं एकच वाक्य उचललं जातं आणि बाकीचं पुसलं जातं. याचा आपल्या घरचा नमुना १९ नोव्हेंबर २०२२चा. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ होता, शरद पवार आणि नितीन गडकरी यांना डी.लिट. दिली गेली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी भाषणात म्हणाले की शिवाजी महाराज हे जुन्या काळातले आदर्श झाले, नव्या काळातले इथेच सापडतील. संध्याकाळपर्यंत राज्यभर निषेध सुरू झाला. ते वाक्य बातमी व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. महाराष्ट्रात ते बोलून कुणी सहज सुटणार नाही. पण त्याच मंडपात पदव्या घेतलेल्या मुलामुलींचं, विद्यापीठाच्या कामाचं, बाकीच्या भाषणांचं काय झालं, ते आज कुणालाही आठवत नाही.

कधी वाक्यही लागत नाही, दारातली प्रतिक्रिया पुरते. ३१ जानेवारी २०२५चं अभिभाषण संपल्यावर सोनिया गांधी संसदेबाहेर राष्ट्रपतींच्या थकव्याबद्दल काही बोलल्या, राष्ट्रपती भवनाने त्यावर नाराजीचं निवेदन काढलं, आणि अभिभाषणात काय होतं ते मागे पडलं. २०२१ला शेती कायद्यांवरून विरोधी पक्षांनी अभिभाषणावर बहिष्कार घातला होता, तेव्हाही पहिली बातमी बहिष्काराचीच होती.

अमेरिकेत या तुकड्याची लांबी मोजलीसुद्धा गेली आहे. १९६८च्या निवडणुकीत टीव्हीच्या बातम्यांत उमेदवाराचा आवाज सलग सरासरी चाळीसहून जास्त सेकंद ऐकू यायचा. १९८८पर्यंत तो दहा सेकंदांच्या आत आला. दहा सेकंदांत आमचा निवेदक पाहुण्याचं स्वागतही पुरं करत नाही.

तिकडची गंमत अशी की माध्यम बदललं तसं भाषणच बदललं. राष्ट्राध्यक्षाने तिथल्या संसदेसमोर, म्हणजे अमेरिकी काँग्रेससमोर, दरवर्षी स्वतः जाऊन बोलायची प्रथा १८०१ला जेफरसन यांनी थांबवली होती. १९१३ला वुड्रो विल्सन यांनी ती पुन्हा सुरू केली. १९२३ला ते भाषण रेडिओवर गेलं, १९४७ला टीव्हीवर. १९६५ला जॉन्सन यांनी ते दुपारवरून रात्री नेलं, कारण लोक तेव्हा घरी टीव्हीसमोर असतात. वॉशिंग्टनचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. तोवर आपल्याकडे पेपर वाटून झालेले असतात. म्हणून राष्ट्राध्यक्षांचं भाषण मराठी पेपरात दिवसभर शिळं होऊन, त्यावरच्या प्रतिक्रियांची फोडणी बसून येतं. मूळ चव कुणाला मिळतच नाही.

त्या फोडणीवरून तिथे मोठं भांडणही झालं. ३ नोव्हेंबर १९६९ला राष्ट्राध्यक्ष निक्सन व्हिएतनाम युद्धावर बोलले आणि भाषण संपताच टीव्हीवरच्या जाणकारांनी चिरफाड सुरू केली. दहा दिवसांनी उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी एक सबंध भाषण त्या झटपट विश्लेषणाविरुद्ध केलं. दुसरं टोक ५ नोव्हेंबर २०२०चं: मतमोजणी चालू असताना ट्रम्प व्हाइट हाउसमधून गैरप्रकारांचे आरोप करत होते आणि एबीसी, सीबीएस, एनबीसी या वाहिन्यांनी भाषण मध्येच तोडलं. मला हे तोडणं पटलं नाही. पूर्ण दाखवा आणि जिथे पुरावा नाही तिथे लगेच तसं सांगा, एवढं काम पत्रकाराला जमायला हवं.

मी मघाशी ‘म्हणाले’ची बाजू घेतली, पण तिच्यातही खड्डा आहे. २८ जानेवारी २००३च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ब्रिटनच्या हवाल्याने सांगितलं की इराकच्या सद्दाम हुसेन यांनी आफ्रिकेतून अणुबॉम्बला लागणारं युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला. इंग्रजीतले सोळा शब्द. ‘बुश म्हणाले’ हे शंभर टक्के खरं. मार्चमध्ये इराक युद्ध सुरू झालं आणि जुलैत व्हाइट हाउसने कबूल केलं की ते वाक्य भाषणात असायला नको होतं. साधं ‘म्हणाले’ लावून मोकळं झालेल्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी कामच अर्धं केलं होतं.

आणि पत्रकाराला काय महत्त्वाचं ते कळतंच असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं गेटिसबर्गचं भाषण पुढे अजरामर ठरलं. ते बोलले ती तारीखही योगायोगाने कोश्यारींसारखीच १९ नोव्हेंबर, साल १८६३. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन दोन-तीन मिनिटं. जवळच्या हॅरिसबर्ग शहरातल्या पेपरने लिंकन यांचं बोलणं खुळचट ठरवून सोडून दिलं. त्या पेपरच्या वारसाने २०१३ला, दीडशे वर्षांनी, आपला अभिप्राय चुकल्याचं छापलं. ‘उशिरा का होईना’ म्हणायलाही इथे जीभ रेटत नाही.

आत्याकडे परत येतो. तिला मी सांगितलं होतं की त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, परभणी, हिंगोली, नांदेडकडे शेतं पाण्याखाली होती, पानावर जागेची ओढाताण असणार. हे खरंच होतं. उदगीरच्या भाषणापेक्षा सडलेल्या सोयाबीनला मीही जास्त जागा दिली असती.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. राष्ट्रपतींची भाषणं राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर ठेवतात. मोबाइलवर उघडून ओसरीत बसलो आणि तिला वाचून दाखवलं, जिथे हिंदी अडलं तिथे मराठीत सांगितलं. तिने मध्ये दोनदा ‘हां, हे म्हनल्या व्हत्या’ म्हटलं. वाचून झाल्यावर मी म्हणालो, ‘एवढं सगळं छापायचं तर पान जातं गं आत्या. जागा कुठून आणायची?’

ती उठली, आतून तो जपून ठेवलेला पेपर घेऊन आली आणि माझ्यासमोर उलगडला. आतलं एक सबंध पान हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरलं होतं, वर मोठ्या अक्षरांत ‘हार्दिक स्वागत’.

‘ह्या समद्यास्नी जागा घावली की,’ ती म्हणाली, आणि त्या पानावर शेंगा निवडायला बसली.